सगुणा काचारणीची खिडकी

फार वर्षांपूर्वी. किती, ते करंजघाटात कुणाला विचारू नका. म्हातारी माणसं एवढंच सांगतात, की माझी आजी लहान होती तेव्हा तिच्या आजीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याला तेवढं पुरे.

तर त्या वेळी करंजघाटात काचारी राहायचे. काच वितळवून बांगड्या करणारी माणसं. नदीच्या वरच्या अंगाला त्यांची भट्टी होती, आणि त्या भट्टीवर रावजी काचारी आणि त्याची बायको सगुणा, दोघं काम करायची. रावजी लोखंडी सळईवर काचेचा लालभडक गोळा उचलायचा, सगुणा तो फिरवून फिरवून त्याचं कडं काढायची. आसपासच्या बारा गावांतल्या बायका त्यांच्याकडे बांगड्या भरायला यायच्या. असं म्हणतात, की त्यांची हिरवी काच इतकी हिरवी होती, की रानातले पोपट येऊन भट्टीच्या कुडावर बसायचे आणि उडायचं विसरायचे.

मग एका वर्षी रावजी वारला. छातीत कळ आली आणि सळई हातातच राहिली.

सगुणेला त्यानंतर कुणी वाईट बोललं नाही. फक्त कुणी आलं नाही. नवरा गेलेल्या बाईच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार? तिने केलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवलेल्या तशाच खुंटीवर लटकत राहिल्या. वारा आला की किणकिणायच्या. ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली, पण आठ दिवसांतून एकदा भट्टी पेटवायची. कशाला पेटवतेस, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "हात विसरतील म्हणून."

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी गाठीचा ताप आला.

गावाबाहेर, पश्चिमेला, घाट चढणाऱ्या वाटसरूंसाठी बांधलेली एक जुनी दगडी धर्मशाळा होती. गावाने ठरवलं, की ज्याला ताप चढेल त्याला तिथे नेऊन ठेवायचं. धर्मशाळेला एकच मोठी खिडकी होती, पूर्वेला, गावाच्या तोंडावर. तापाचा वारा त्यातून गावावर येईल म्हणून पाटलांनी ती दगड रचून बुजवून टाकली. दाराला जाड गोणपाट बांधलं. आत भर दुपारीही हात हाताला दिसत नव्हता.

तिथे जायला कुणी तयार होईना. सगुणा गेली. "मला कुठे घरी कुणी वाट बघणारं आहे," म्हणाली. सकाळी पाण्याची घागर आणि पेजेचं मडकं घेऊन ती आत शिरायची आणि कण्हण्याच्या आवाजावरून कोण कुठे आहे ते ओळखायची.

एका कोपऱ्यात पाटलांची धाकटी सून होती, गोजरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने दोन दिवस पेज तोंडाला लावली नव्हती.

"मावशी," तिने विचारलं, "दिवस आहे का रात्र?"

"दिवस आहे गं. ऊन वर आलंय."

"खोटं बोलता," गोजरा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सगुणा बाहेर आली. बाहेर लख्ख ऊन होतं, बाभळीला पिवळी फुलं लागली होती. ती तिथेच पायरीवर बसली आणि खूप दिवसांनी रडली. मग डोळे पुसले आणि तशीच पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाटील, ती खिडकी उघडा."

"सगुणे, वेड लागलं का तुला? वारा गावावर येईल."

"वारा येणार नाही. उजेड तेवढा आत जाईल. मी काचेने बंद करते."

सुनेच्या काळजीने पाटीलही खंगले होते. "कर," ते म्हणाले. "पण फट राहता कामा नये."

आता बांगडी करणं वेगळं आणि खिडकीची काच करणं वेगळं. सगुणेने खुंटीवरच्या बांगड्या उतरवल्या, त्यांचे तुकडे केले, मातीच्या पसरट परळात एकाशेजारी एक रचले आणि परळ भट्टीत सरकवला. तुकडे मऊ होऊन एकमेकांना चिकटले, तळहाताएवढी एक रंगीत वडी झाली. बाहेर काढली आणि तडकन् दुभंगली. दुसरी दुभंगली. सातवीही दुभंगली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की काचेला घाई चालत नाही. आठवी वडी तिने गरम राखेत पुरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावला नाही. राख झटकली तर वडी अखंड होती. उन्हात धरली तेव्हा तिच्या पदरावर हिरवं, तांबडं, पिवळं असं ओलं ओलं काहीतरी पडलं. ते पुसायला तिने हात फिरवला, तर ते हातावर चढून बसलं.

असं म्हणतात, की त्या दिवशी ती चार वर्षांनी पहिल्यांदा हसली.

पण खिडकी मोठी होती. तिच्याजवळची काच निम्म्यालाही पुरेना. मग ती नदीवर गेली. त्या महिन्यात गावात बरेच पुरुष गेले होते, आणि त्यांच्या बायकांच्या बांगड्या नदीच्या दगडावर फोडल्या होत्या. वाळूत सगळीकडे तुकडे पडलेले. त्यांच्यावरून कुणी पाय टाकून जायचं नाही, कुणी त्यांच्याकडे बघायचंही नाही. सगुणेने वाकून एकेक तुकडा वेचला आणि ओटीत भरला.

सुताराने लहान लहान घरांची लाकडी चौकट करून दिली. सगुणेने एकेका घरात एकेक वडी बसवली आणि कडा लाखेने भरून घेतल्या. आठ दिवस लागले; तोवर गोजरेच्या ओठांवर ती रोज पेजेच्या पाण्याचे चार थेंब सोडायची. चौकट बैलगाडीतून धर्मशाळेकडे निघाली आणि तेवढ्यात कुणीतरी पाटलांच्या कानावर घातलं, की काच कुठून आली आहे.

पाटील धावत आले आणि गाडीच्या आडवे उभे राहिले.

"गाडी मागे फिरव," ते गरजले. "रांडमुंड बायांच्या फुटक्या बांगड्या! त्यांचा उजेड माझ्या सुनेच्या अंगावर पाडतेस?"

गाडीवानाने कासरा ओढला. सगळं गाव जमलं होतं.

तेव्हा गर्दीतून पाटलांची आई पुढे आली. म्हाळसाबाई. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती वाड्याच्या मागच्या सोप्यात राहत होती आणि चार माणसांत कधी आली नव्हती. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. तिने ती लेकासमोर सोडली. आत बांगड्यांचे तुकडे होते.

"हे तुझ्या बापाच्या नावाचे," ती म्हणाली. "नदीवरून उचलून आणले होते मी, कुणाला न सांगता. ह्यांचा उजेड वाईट असेल तर आधी मला गावाबाहेर काढ. माझंच दूध प्यायलास तू."

पाटलांची मान खाली गेली. मग ते धर्मशाळेकडे चालू लागले आणि खिडकीतला पहिला दगड त्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

म्हाळसाबाईंच्या तुकड्यांची वडी करून ती चौकटीत बसवेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सूर्य गावामागून वर आला.

आत पडलेल्या माणसांना आधी वाटलं, आपण मेलो. समोरच्या भिंतीवर बाग उमलली होती. हिरवं पाणी हलत होतं, त्यात तांबडे मासे होते, वर निळ्याचा एक पट्टा होता आणि हे सगळं अगदी हळू, मुंगीच्या चालीने, खाली उतरत होतं. भिंतीवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून घोंगड्यांवर चढलं. एक म्हातारा आपल्या छातीवरचा पिवळा रंग दोन्ही हातांनी धरून बसला. कुणी म्हणालं, "माझ्या अंगावर निळा आला." दुसऱ्याने विचारलं, "माझ्याकडे कधी येईल?"

गोजरेने भिंतीकडचं तोंड फिरवलं. हिरवा उजेड तिच्या गालावर होता.

"मावशी," ती म्हणाली, "दिवस आहे."

"आहे ना गं."

"पेज द्या."

असं म्हणतात, की त्या दिवसापासून धर्मशाळेत हिरव्या उजेडात प्यायलेली पेज गोड लागायची. असंही म्हणतात, की तांबडा रंग ज्याच्या कपाळावर थांबायचा त्याचा ताप तो उचलून न्यायचा आणि संध्याकाळी खिडकीची काच हाताला कढत लागायची. रंग सगळ्यांपर्यंत पोचावेत म्हणून सूर्य त्या छपरावर थोडा जास्त रेंगाळायचा, हे तर मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे.

सगळे वाचले नाहीत. तसं सांगणारा खोटं सांगतो. पण जे गेले ते भिंतीकडे तोंड करून गेले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर साथ ओसरली. गोजरा स्वतःच्या पायांनी गावात आली, पण घरी न जाता सरळ भट्टीवर गेली. आजारात हात बारीक होऊन तिच्या बांगड्या गळून पडल्या होत्या. तिने दोन्ही हात सगुणेपुढे केले.

"भरा, मावशी."

"सासरे काय म्हणतील?"

"तेच बाहेर उभे आहेत."

सगुणेने भरल्या. एकही बांगडी फुटली नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. सगुणा म्हातारी झाली. तेव्हा शहरातून वामनराव नावाचे एक फोटोवाले घाट उतरून आले. त्यांच्याकडे तीन पायांची लाकडी पेटी आणि काळं फडकं होतं. धर्मशाळेत ते रात्रीपुरते टेकले होते, पण सकाळी जागे झाले आणि तीन दिवस हलले नाहीत. नुसते रंगांमागून जागा बदलत बसायचे. चौथ्या दिवशी त्यांनी खिडकीचा फोटो घेतला. पेटीतली काचेची पाटी त्यांनी सगुणेला दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीही काचेतच उजेड धरता की!"

महिन्याभराने फोटो घेऊन ते परत आले, पण चेहरा पडलेला होता. फोटोत सगळं होतं, चौकट होती, एकूण एक तुकडा होता, रंग मात्र नव्हते. सगळं काळं आणि करडं.

"मी रंगाची पेटी आणली आहे, आजी," ते म्हणाले. "कुंचल्याने भरीन. पण कुठला तुकडा कुठल्या रंगाचा, ते कसं सांगणार? नुसते सारखे करडे दिसतात."

सकाळची वेळ होती, ते धर्मशाळेत खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून बसले होते. कोण आलं आहे ते बघायला बायका जमल्या. त्यांतली एक, पांढऱ्या कपाळाची, पुढे झाली आणि फोटोवर बोट ठेवलं.

"ही माझी. हिरवी, पण आत पिवळी रेघ होती. लग्नातली."

वामनरावांनी कुंचला बुडवला. ती बघत राहिली. मग दुसरी आली. "ही माझी. तांबडी. जत्रेत घेऊन दिल्या होत्या त्यांनी." मग तिसरी आली. मग रांगच लागली. ज्या बांगड्यांचं नाव त्यांनी इतकी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, त्यांच्यावर एकेक जण बोट ठेवत होती. आणि नवल असं, की एकीचंही बोट चुकलं नाही. म्हाळसाबाई तोवर गेल्या होत्या. त्यांच्या तुकड्यांवर पाटलांनी बोट ठेवलं. ते आता काठी टेकत चालायचे. "ह्या आईच्या," म्हणाले, "निळ्या," आणि उपरण्याने डोळे टिपले.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा सगळा फोटो रंगला होता. मधोमध एक तुकडा तेवढा करडा राहिला होता, चिंचोक्याएवढा.

"हा कुणाचा?" वामनरावांनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग मागून सगुणा उठली, सावकाश चालत आली.

"ती माझी," ती म्हणाली. "जांभळी. आमच्या ह्यांनी एकदाच केली होती तशी. पुन्हा करायला गेले, तर जमली नाही."

वामनरावांकडे जांभळा रंग नव्हता. त्यांनी तांबडा आणि निळा मिसळला. तिला दाखवला. तिने मान हलवली. आणखी थोडा निळा घातला. तिने पुन्हा मान हलवली. असं किती वेळा झालं कोण जाणे, पण असं म्हणतात, की शेवटी भिंतीवरचं ऊन खाली उतरून खिडकीतला खरा जांभळा ठिपका फोटोवर नेमका त्याच जागी येऊन थांबला. वामनरावांनी कुंचला खाली ठेवला.

"आता बरोबर आहे," सगुणा म्हणाली.

त्याच वर्षी माघात ती गेली. तिला भट्टीच्या वरच्या माळावर माती दिली. तिथली माती अजून पावसानंतर चमकते.

करंजघाटात आता काचारी नाहीत, भट्टीही नाही. पण घरोघरी तिच्या हातची, तळहाताएवढी एक रंगीत काच असते. तिला सगुणाई म्हणतात. गावात कुणी अंथरुणाला खिळलं, की शेजारची बाई आपल्या घरची सगुणाई आणते आणि काही न विचारता आजाऱ्याच्या खिडकीत टांगून जाते. जात कुठली, भांडण कशावरून, हे त्या वेळी काढायचं नाही. आजारी माणूस बरं झालं, की काच परत करायची, आणि परत करताना तिच्या कडेला स्वतःच्या घरातला एक नवा तुकडा लाखेने जोडायचा.

माणूस बरं झालं नाही, तरी त्याच्या घरचे तुकडा जोडतात.