साळिंदरांच्या पाठी

जमीन अफाट होती आणि राबणारे हात थोडे, त्या काळची ही गोष्ट. एका रानडुकराने नजर पोहोचणार नाही एवढा रताळ्यांचा मळा धरला होता. त्यात राबायला साळिंदरं होती, समुद्रापलीकडून गलबतात कोंडून आणलेली. साळिंदर लढतं ते पाठीने, म्हणून डुकराने सगळ्यांचे काटे उपटले होते. रोज सकाळी तो एकेकाच्या पाठीवर नाकाड फिरवी. काटा लागला, तर ते साळिंदर पुन्हा कुणाला दिसत नसे.

एका साळिंदरणीच्या पिलाला काटे फुटू लागले होते. ती ते गुपचूप कुरतडून टाकी.

"आई, धनी स्वतः का नाही उकरत?"

"हळू बोल! एवढा मळा त्याला एकट्याला झेपतो होय? आधी मजुरीवर मुंगसं होती. पण पलीकडे रान मोकळंच पडलेलं. ज्याने त्याने आपापलं शेत धरलं. मग याच्याकडे कोण राबणार? म्हणून आपल्याला आणलं. आपल्याला इथल्या वाटा ठाऊक नाहीत, आणि पळालो तरी ही सोललेली पाठ कुणीही ओळखेल."

बोलण्याच्या नादात एक काटा राहून गेला.

धनी आला. पिलाच्या पाठीवर त्याने नाकाड टेकवलं आणि नाकाडावर रक्ताचा थेंब आला.

पण धनी ओरडला नाही. त्याची नजर मळ्यावर फिरली आणि तो मागे सरला.

घाबरलेलं साळिंदर पाठ फिरवतं. मळ्यातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि त्यातल्या बऱ्याच पाठी आज तपासायच्या राहिल्या होत्या.