हातभर सरकलेलं खुराडं

फार फार पूर्वी, तटबंदीच्या आत वसलेल्या एका गावात, एका सकाळी परसातल्या खुराड्यातून भलताच आवाज आला. रोजची कुचकुच नव्हती ती. गंजलेलं दार कोणी अर्धवट उघडून सोडून द्यावं तसं काहीतरी होतं.

खुराड्याची मालकीण गोजरा दचकली. तशी ती कशालाही दचकायची. गोधड्या शिवायचा तिचा धंदा, पण सुई हातातून निसटली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. पाठशाळेत चांगली शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की आवाजच फुटायचा नाही. सहा कोंबड्या हाच तिचा गोतावळा. त्यांच्याशी मात्र तिची दिवसभर बडबड चालायची.

"कोण गं ती?" तिने हळूच विचारलं.

सहाजणींतली धाकटी तलंग मान ताणून उभी होती. तुरा जरा जास्तच लाल, शेपटीची पिसं ऐटीत वळलेली. तिने पुन्हा गळा काढला आणि या वेळी आवाज पुरता फुटला, "कुकूऽऽच कू!"

तलंग नव्हतीच ती. कोंबडा होता!

पलीकडच्या घराची खिडकी धाडकन उघडली. तिथे अत्तरवाले आबा राहायचे. गिऱ्हाइकाला थेंबभरसुद्धा अत्तर कमी न देणारे म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि तापट म्हणूनही होता.

"गोजरे! गिऱ्हाइकाच्या नाकाशी मोगरा धरावा, तर त्याच्या कानात हे! वारा फिरला की तो वास वेगळाच. आज चावडीवर जाऊन सांगतोच!"

आणि सांगितलंच. दुपारी चावडीचा शिपाई आला आणि खुराड्याला लाल चिंधी बांधून गेला. "परवा कोंबड्या तटाबाहेर," एवढंच म्हणाला.

गोजराच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीत ज्याला विचारावं तो म्हणे, "गावात कोंबड्यांना बंदीच आहे, पोरी."

दुसऱ्या बाजूला राहणारी कासारीणमावशी धावत आली. "रडतेस काय? टोपलीखाली झाक त्यांना. चार दिवसांत आबा विसरतात. मी नाही का शेळी माळ्यावर लपवली होती!"

"मग?"

"मग काय, शेळीच ओरडली मेली!"

गोजराला हसू फुटलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात आलं, लपवायचं म्हणजे दाराची कडी वाजली की दचकायचं. तेवढं तर आपण आधीच दचकतो. त्यात आणखी भर कशाला? आणि बंदी आहे असं सगळे म्हणतात, पण लिहिलंय कुठे?

सकाळी ती चावडीवर गेली. कारकून पान जुळवत बसले होते.

"नियमांचं बाड बघायचं होतं," ती म्हणाली.

"काय? मोठ्याने बोल."

"नियमांचं बाड!"

"ते कशाला? नियम सगळ्यांना पाठ आहेत."

"मला नाहीत," गोजरा म्हणाली.

कारकुनांनी फळीवरून बाड काढलं, धुळीने पाचदा शिंकले आणि तिच्यापुढे ठेवलं. गोजराने बोट फिरवत फिरवत वाचलं. तटाच्या आत प्रत्येक घराला परसात सहापर्यंत कोंबड्या पाळण्याचा हक्क आहे. कोंबडा ठेवू नये. खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाच हात लांब असावं. तक्रार आल्यास मालकाने पारावर उभं राहून तीनदा हाक द्यावी. घराला घर लागून असलेल्या एका जरी शेजाऱ्याने ओ दिली, तरी कोंबड्या राहतील.

"अरेच्चा!" कारकून ओरडले. "आणि आमची ही वीस वर्षं अंड्यांसाठी वेशीबाहेर तंगडतोड करतेय!"

उद्या दुपारी पारावर हाक देणार असं कारकुनांना सांगून गोजरा जवळजवळ उड्या मारतच घरी आली. आधी कोंबड्याला काखोटीला मारून वेशीबाहेरच्या गिरणीवर गेली. गिरणीवाला खूश झाला. "ठेव, ठेव! माझं गाढव वेळेवर उठतच नाही. आता बघतो कसं झोपतं ते!" कोंबड्याने लगेच धान्याच्या ढिगावर चढून आरोळी ठोकली.

घरी येऊन तिने आबांच्या भिंतीपासून खुराड्यापर्यंत अंतर मोजलं. चार हात. पुन्हा मोजलं. चारच.

"तुझेच हात लांब असतील गं," कुंपणावरून मावशी म्हणाली. "कोण येतंय मोजायला?"

"कोणी नाही येणार, मावशी. पण पारावर उभी राहून मी नियमाचं नाव घेणार. तो अर्धाच पाळलेला असेल, तर माझाच आवाज फुटायचा नाही. आधीच तो किती फुटतो ते तुला माहीत आहे."

खुराडं दगडाचं, जडशीळ. एकेक दगड काढायचा, हातभर पलीकडे रचायचा. कोंबड्या मुकादमासारख्या ढिगावर बसून देखरेख करत होत्या. एक तर दगड उचलला की त्याखालचा किडा टिपायला नेमकी मध्ये तडमडायची. "बाजूला हो गं बये!" म्हणता म्हणता गोजराची संध्याकाळ झाली. शेवटी वास येऊ नये म्हणून तिने आत राख पसरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती परसात आली आणि दचकलीच. आबा मोजायची काठी घेऊन खुराड्यापाशी वाकले होते.

"पाच भरतात," ते पुटपुटले. मग दगड हलवल्याने उघड्या पडलेल्या पांढऱ्याफटक पट्ट्याकडे बघून म्हणाले, "कधी हलवलंस?"

"काल."

"तक्रार केली त्याच दिवशी मी खिडकीतून काठी टाकून मोजलं होतं. चारच भरले होते. आज पारावर सगळ्यांसमोर तेच सांगणार होतो." आबांनी नाक वर करून हवा हुंगली, काठी काखेत घेतली आणि निघून गेले.

दुपारी पारावर सारा गाव जमला. गोजराच्या घराच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मावशी आणि मागे नुसता तट. म्हणजे ओ देणारे दोघंच. त्यात मावशीचं बांगड्यांचं दुकान आबांच्याच ओट्यावर.

गोजरा पारावर चढली. "माझ्या... माझ्या कोंबड्यांसाठी..."

पोरं फिदीफिदी हसली. "ताई, ऐकू नाही आलं!"

दुसरी हाक जरा बरी निघाली. मावशीने ओठ हलवले, आबांच्या ओट्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाकी कोणी हललंही नाही. शिपायाने रिकामी टोपली पुढे सरकवली.

गोजराला आपल्या पाच कोंबड्या आठवल्या. तिने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "माझ्या कोंबड्यांसाठी कोणी ओ देतं काऽऽऽ?"

झाडावरचे कावळे उडाले. एवढा मोठा आवाज आपला, या धक्क्याने ती स्वतःच दचकली.

आणि गर्दीच्या मागून, काठी उंच धरून, मोगऱ्याच्या वासाचा एक माणूस ओरडला, "ओऽऽऽ!"

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: नियमाला भिण्याआधी तो वाचून पाहावा, आणि त्यातला आपल्या सोयीचा भाग मागण्याआधी गैरसोयीचा भाग पाळावा.