वैद्यबुवाच्या दोनशे पुरचुंड्या

सांगतो, सांगतो. सकाळपासून माझं डोकं खाल्लंत, म्हाताऱ्याला धड पान लावू देत नाही. मला गोष्टी सांगायची काडीची हौस नाही. शाळेत दोन इयत्ता काढल्या, तिथंही मास्तरांशी भांडून बाहेर पडलो, तेव्हा गोडगोड शब्द माझ्याकडं मागू नका. लहान असा की मोठे, मुकाट्यानं ऐका. मध्येच कुणी "मग काय झालं?" विचारलं तर तिथंच थांबेन.

फार जुन्या काळी, कुठल्याशा राज्यात, नदीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात एक म्हातारा वैद्य राहत होता. लोक त्याला वैद्यबुवा म्हणत. त्याच्या माजघराच्या भिंतीत चाळीस कोनाडे होते आणि एकेका कोनाड्यात पाच-पाच पुरचुंड्या. सगळ्या एकाच पांढऱ्या कापडाच्या, एकाच दोऱ्यानं बांधलेल्या. एकीवरही खूण नाही की ठिपका नाही.

का नाही? तर त्याच्या घराण्याची तशी रीत होती. मुळीची ओळख दुसऱ्याच्या कानावर पडली की मुळीचा गुण जातो. बापानं मरताना मुलाच्या कानात सांगायचं, एरवी तोंड उघडायचं नाही. वैद्यबुवाच्या बापानं तेच केलं होतं आणि बापाच्या बापानंही.

मग औषध ओळखायचं कसं? जागेवरून. कुणाचं पोट दुखलं की वैद्यबुवाचा हात दारापासून तिसऱ्या कोनाड्यात जाई. खोकला असला की खिडकीखाली. चाळीस वर्षं तपकीर ओढून त्याचं नाक मेलं होतं. डोळ्यांवर सारा येऊन सगळं धुरकट दिसे. पण त्याला ना नाक लागे, ना डोळे. भिंत पाठ होती. लोक म्हणत, "डोळे मिटून औषध काढतो, काय विद्या आहे!" वैद्यबुवा गालात हसे. ती विद्या अर्धी त्याची होती आणि अर्धी भिंतीची, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

नदी दर पावसाळ्यात हातभर काठ खाई. एका वर्षी ती वैद्यबुवाच्या गोठ्याला येऊन टेकली. राजानं दवंडी पिटवली, "नदीकाठच्या सगळ्यांनी पावसाच्या आत टेकडीवर घरं हलवावीत." वैद्यबुवानं टेकडीवर घर बांधलं. गवंड्याकडून हुबेहूब तशीच चाळीस कोनाड्यांची भिंत करून घेतली आणि निर्धास्त झाला.

घर हलवणं म्हणजे काय असतं ते ज्यानं हलवलं त्यालाच विचारा. पहिल्या दिवशी सगळे शहाण्यासारखे वागतात. गोधड्या एकीकडं, भांडी एकीकडं. दुसऱ्या दिवशी हाताला लागेल ते मावेल तिथं कोंबतात. वैद्यबुवाच्या घरीही तेच झालं. लाटणं गोधडीत गेलं. घंटा तांदळात गेली. सांडशी कुठं गेली ते देवालाही कळेना, कारण देव स्वतःच तोंडावर फडकं घेऊन एका टोपलीत बसले होते.

घरात म्हातारी बायको होती, सून होती आणि सुनेची पाच वर्षांची पोर होती, ठकी. मुलगा राजाच्या पागेत घोडी सांभाळायला गेलेला, वर्षातून दोनदा तोंड दाखवी. तेव्हा सगळी बांधाबांध या तिघींवरच. ठकीचं काम एकच. एकानं बांधलेलं गाठोडं सोडायचं.

सून पुरचुंड्यांपाशी आली. म्हणाली, "मामंजी, कशात काय आहे ते सांगता का? मी ध्यानात ठेवीन. पुढं शोधायला बरं."

"गुण घालवतेस का माझ्या मुळ्यांचा? तू चूल बघ."

"अगं, कुणाला विचारतेस!" म्हातारी आतून ओरडली. "चाळीस वर्षं त्या भिंतीची कोळिष्टकं मी काढतेय. मला सांगितलं नाही, ते तुला सांगणार?"

वैद्यबुवानं दोघींकडं पाठ केली. त्याच्याकडं त्याची युक्ती होती. पाच टोपल्या घेतल्या. पहिल्या कोनाड्यातल्या पुरचुंड्या तळाला, त्यावर फडकं, त्यावर दुसऱ्यातल्या, असे एका टोपलीत आठ थर. तिकडं गेल्यावर उलटं काढायचं. वरचा थर आठव्या कोनाड्यात, तळचा पहिल्यात. "यात कसलं आलंय ध्यानात ठेवायचं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

युक्ती चांगली होती. रस्ता वाईट होता. ओढ्याच्या वाळूत गाडी रुतली. बैल बसले. गावातली चांगली माणसं धावत आली. चांगली माणसं धावत आली की निम्मं सामान तिथंच उलटतं. दोन टोपल्या कलंडल्या. कुणी पुरचुंड्या गोळा केल्या, कुणी ज्या टोपलीत जागा दिसली तिच्यात भरल्या. एका बाईनं टोपली जड झाली म्हणून वरचे दोन थर आपल्या पदरात घेतले आणि टेकडीवर भलत्याच टोपलीत ओतले.

गाडीवान घाम पुसत म्हणाला, "वैद्यबुवा, मोजून घ्या. दोनशेच्या दोनशे. एक हरवली असेल तर माझ्या मिशा कापा."

मोजल्या. खरंच दोनशे भरल्या. वैद्यबुवाचा जीव भांड्यात पडला.

नव्या घरात मात्र त्याला काहीच उमगेना. जुन्या घराचं दार उगवतीला होतं, हे मावळतीला. पाणी प्यायला उठला तर कोठीत शिरला. बाहेर जायला निघाला तर भिंतीवर कपाळ आपटलं. भिंतीसमोर उभा राहिला तर दारापासून तिसरा कोनाडा म्हणजे कुठल्या अंगानं तिसरा? खिडकी तर इथं डावीकडं आली होती. बरं, टोपली एकदा उलटली म्हणजे क्रम उलटा. पुन्हा भरली म्हणजे सुलटा. पण पदरातल्या थरांचं काय? ते उलट्यात धरायचे की सुलट्यात? त्यानं तीन वेळा पुरचुंड्या लावल्या आणि तीन वेळा काढल्या. शेवटी जिथं बसल्या तिथं बसल्या म्हणून सोडून दिलं. बायकोनं विचारलं, "लागलं का नीट?" तो म्हणाला, "न लागायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठकीनं गोधड्यांच्या गाठोड्याची गाठ सोडली आणि आत हात घातला. विंचू. पोर अशी किंचाळली की खालच्या आळीतली माणसं वर आली.

"मामंजी!" सुनेनं पोर उचलून आणली. हात सुजत चालला होता, ओठ कोरडे पडले होते.

सगळ्यांनी वैद्यबुवाकडं पाहिलं. घाबरायचं कारण नव्हतं. त्या गावात आजवर विंचवानं कुणी मेलं नव्हतं. वैद्यबुवाचा हात उठला आणि खालच्या ओळीत, खिडकीपासून दुसऱ्या कोनाड्यात गेला. एक पुरचुंडी निघाली. आत वाकडी, काळपट, करंगळीएवढी मुळी. विंचवाची मुळी अशीच दिसते.

पण जुन्या भिंतीत तिच्या शेजारच्या कोनाड्यात बचनाग होता. जहाल विष. तोही वाकडा, काळपट, करंगळीएवढा.

"सहाण कुठाय?" वैद्यबुवानं विचारलं. सहाण पिठाच्या डब्यात निघाली. तोवर त्याला जरा वेळ मिळाला. त्यानं मुळी नाकाशी धरली. नाकाला काहीच कळलं नाही. डोळ्यांपाशी नेली. सगळं धुरकट. त्याचा हात आजवर कधी अडखळला नव्हता, आता तो सहाणेवर तसाच थांबला.

"अहो, उगाळा ना! बघत काय बसलात?" म्हातारी म्हणाली.

त्याच्या डोक्यात गोंधळ माजला. उगाळावी, तर ही बचनाग निघाली म्हणजे? जखमेतून पोरीच्या अंगात जायची. ठाऊक नाही म्हणावं, तर चाळीस वर्षांचं नाव या दारातच बुडणार. मुळीची ओळख सांगावी, तर गुण जाणार आणि सापडूनही उपयोग नाही. आजूबाजूला माणसं कुजबुजत होती. "मुहूर्त बघत असेल." "मंत्र म्हणतोय, गप्प बस."

ठकी कण्हली.

"मला ठाऊक नाही," वैद्यबुवा म्हणाला.

"काय ठाऊक नाही?"

"ही विंचवाची मुळी की बचनाग, मला ठाऊक नाही. मला भिंत ठाऊक होती. भिंत तिकडं राहिली."

मग म्हातारीच पुढं झाली. "मग ओळखायची कशी ते सांगा. इतक्या जणांची नाकं आहेत इथं."

"सांगितलं तर गुण जातो."

सून म्हणाली, "मामंजी, गुण गेला तर पुढचं पुढं बघू. पोर गेली तर काय बघायचं?"

वैद्यबुवानं डोळे मिटले. बाप आठवला, बापाचा बाप आठवला. मग त्यानं भर दुपारी, पन्नास माणसांत, मोठ्यानं सांगितलं. "विंचवाची मुळी मोडली की आत हळदीसारखी पिवळी. वास ओल्या मातीचा आणि मागून जुन्या गुळाचा. आत पांढरी निघाली तर बचनाग. ती लांब ठेवा, हात धुवा, तोंडाला लावू नका."

सुनेनं त्याच्या हातातली मुळी घेऊन मोडली. आत पांढरी.

ती तिनं अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली, हात राखेनं घासले आणि पुरचुंड्यांवर तुटून पडली. तिच्या मागोमाग सगळे. काय तो गलका! "हे कडू आहे!" "अरे चाखू नकोस, मेल्या, वास घे!" "वाकडी आहे, पण लाल आहे." "वैद्यबुवा, याला उंदराचा वास येतोय." गाडीवानानं एक पुरचुंडी अशी हुंगली की सात शिंका दिल्या आणि दारातच बसला. वैद्यबुवा मधोमध उभा होता आणि कुणीकडं वळावं ते त्याला कळत नव्हतं. इकडून कुणी विचारी, तिकडून कुणी दाखवी. त्याच्याच औषधांत तो पाहुण्यासारखा झाला होता.

"आत्याबाई, पिवळी!" सून सासूला हाक मारून ओरडली.

वरच्या ओळीत, अगदी कोपऱ्यातल्या कोनाड्यात. मुळीच्या मोडक्या तोंडावर हळद लावल्यासारखा रंग. म्हातारीनं वास घेतला, मान हलवली आणि उगाळायला बसली. लेप लागला. वैद्यबुवा भिंतीला टेकून खाली बसला. ओळख तर पन्नास जणांनी ऐकली होती. आता हिच्यात गुण उरला असेल का नुसतं लाकूड?

बराच वेळ गेला. ठकीचं कण्हणं कमी झालं. मग थांबलं. मग तिनं नाक वर करून विचारलं, "कोण गूळ खातंय? मला पण द्या."

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. माणसं हसली. वैद्यबुवा हसला नाही. तो तिथंच बसून राहिला. गुण गेला नव्हता. मग बापानं तसं का सांगितलं? बापाला खरंच तसं वाटत होतं, की त्यालाही नाव बुडायची भीती होती? ज्याला विचारायचं ते माणूस उरलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याला याचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला आणि सुनेला समोर बसवलं. एकेक पुरचुंडी सोडायची, त्या दोघींनी रंग सांगायचा, वास सांगायचा, त्यानं नाव सांगायचं आणि कशावर चालते तेही. आठ दिवस हेच चाललं. सून दर पुरचुंडीला निराळ्या गाठी मारी. दोनशेंतल्या एकशे एकोणसत्तर मुळ्या ओळखल्या गेल्या. एकतीस राहिल्या. त्या बापानंच भरून ठेवलेल्या, वैद्यबुवाला नुसत्या जागेवरूनच ठाऊक होत्या. बापानं कानात जागा सांगितली होती, रंग-वास सांगितला नव्हता. त्या एकतीस मुळ्या खोल खड्डा करून पुरून टाकल्या.

पुढं त्या एकतीस मुळ्यांनी बरा होणारा आजार घेऊन कुणी आलं की वैद्यबुवा खाली बघून म्हणे, "औषध होतं रे माझ्याकडं. एकही पुरचुंडी न हरवता आणलं आणि हरवलं." आजारी माणूस गोंधळून त्याच्याकडं बघे आणि तसाच परत जाई. त्यांतले काही बरे झाले. काही नाही झाले.

यातून घ्यायचं ते एवढंच, घर हलवण्याआधी कशात काय आहे ते दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावं, कारण एकट्याच्या डोक्यात बांधलेलं गाठोडं नव्या घरात त्यालाही सोडता येत नाही.

झालं, संपली. उठा आता. आणि मला घर हलवण्यातलं काय कळतं असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा, परवाच्या साली आम्ही घर बदललं तेव्हा माझा चष्मा तुरीच्या डाळीत बांधून वर चारचौघांत मलाच विसराळू म्हणणारा आणि चष्मा सापडल्यावरही आजतागायत माफी न मागितलेला माणूस या आळीत राहतो, आणि तो म्हणजे केरबा सुतार.