एक्केचाळीस सेकंद

"यात मी कुठं गातोय?" भुजंगबुवांनी विचारलं.

हेरंबनं मोबाइल पुन्हा त्यांच्या कानाशी धरला. कृष्णाकाठच्या घाटांवरचा एक माहितीपट होता. त्याच्या शेवटी रिकामा घाट दिसतो आणि मागे बुवांच्या जुन्या रेकॉर्डचा तुकडा वाजतो. एक्केचाळीस सेकंद.

"तुमचीच रेकॉर्ड आहे, बुवा. मारवा. कव्हरवर तुमचं नाव आहे."

"कव्हर नको वाचू. ऐक."

हेरंबला हसू आलं. मिरजेतल्या याच खोलीत तो अकरा वर्षं गाणं शिकला होता. गळ्यानं दगा दिला तेव्हा मुंबईला गेला आणि चित्रपट, मालिका, माहितीपट यांत कुणाचं संगीत किती वाजलं याची नोंद ठेवून त्याचं मानधन मिळवून देणाऱ्या एका कचेरीत लागला. तिथं सगळा सावळागोंधळ होता. कुणी 'सनईचा तुकडा' लिही, कुणी नुसतं 'दुःखी संगीत', आणि ज्यानं वाजवलं तो हात चोळत बसे. हेरंबनं सगळ्यांसाठी एकच तक्ता करून घेतला : कोणतं संगीत, किती वेळ, कुणाचं. त्याबद्दल त्याचा सत्कारही झाला होता. शालीची घडी अजून मोडली नव्हती. आज पहिला तक्ता त्यानं गुरूंच्या सहीसाठी आणला होता. खरं तर मिरवायलाच म्हणा ना.

"ऐकलंस?"

"हो."

"मी कुठं आहे?"

हेरंबनं तिसऱ्यांदा ऐकलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बुवांचा आवाज त्यात नव्हताच. गाणं सुरू होण्याआधीच तुकडा कापलेला होता.

"नुसता तंबोरा आहे," तो हळूच म्हणाला.

"आपोआप वाजतोय?"

"...गोदाक्का."

कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा उभा होता. तो घेऊन गोदाक्का बावीस वर्षं बुवांच्या मागं बसल्या. माघात गेल्या. तेव्हापासून ती गवसणी कुणी काढली नव्हती.

"मग त्या तक्त्यात माझं नाव कशाला?"

"बुवा, तक्त्यात गायक आहे, वादक आहे, संगीतकार आहे... तंबोऱ्याला रकाना नाही."

"असेल कसा? माझ्या मैफलीतही नव्हता."

मैफल संपताना बुवा तबलजीचं नाव घेत, पेटीवाल्याचं घेत. आक्कांचं घेतलेलं हेरंबला आठवेना. आणि घेत नाहीत, हेही त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"गाणं शिकायला आली होती ती," बुवा म्हणाले.

हे हेरंबला ठाऊक नव्हतं.

"मग?"

"मी म्हटलं, आधी तंबोरा नीट लाव."

"मग?"

"लागला." बुवांची नजर कोपऱ्यातल्या गवसणीकडे गेली.

"फार नीट लागला रे. मग मला सोडवेना."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. हेरंबला त्यांच्याकडे बघवेना. त्यानं लॅपटॉप पुढं ओढला.

"माझाच तक्ता आहे, बुवा. मी रकाना घालतो. आक्कांचं पूर्ण नाव?"

"गोदावरी शिवराम तारळेकर."

अकरा वर्षं तो आक्कांच्या हातचा चहा प्यायला होता. आडनाव आज कळलं. खाली मान घालून त्यानं टाइप केलं : तंबोरा, गोदावरी शिवराम तारळेकर, एक्केचाळीस सेकंद. मग त्याला जरा हलकं वाटलं.

"झालं, बुवा. आता कुठंही तंबोरा वाजला की वाजवणाऱ्याचं नाव लागणार." सहीच्या कागदावरही ती ओळ हातानं लिहून त्यानं पेन पुढं केलं.

बुवांनी पेन घेतलं नाही. भिंतीला धरत ते कोपऱ्यात गेले, गवसणी काढली आणि तंबोरा आणून हेरंबच्या हाती दिला.

"लाव."

तारा पार सैल पडल्या होत्या. हेरंबनं खुंट्या पिळल्या. पहिली तार कशीबशी लागली. पण जोडीच्या दोन तारा काही केल्या एक होईनात. एक चढवली की दुसरी उतरे. शिकत होता तेव्हा तंबोरा त्याच्या हाती नेहमी लागलेलाच यायचा. तंबोरा असाच असतो, असं त्याला वाटायचं.

समोरच्या तंबोरे करणाऱ्याच्या दुकानातली ठोकठोक थांबली. माणसं जेवायला गेली, जेवून परत आली. उंबऱ्यावरचं ऊन आत सरकत भिंतीपर्यंत गेलं. हेरंबची बोटं हुळहुळली, हात घामानं निसटायला लागले. जोड लागली नाही.

त्याला रडू फुटलं. आक्का गेल्या तेव्हा मुंबईहून त्यानं नुसता एक मेसेज पाठवला होता.

"नाही जमत, बुवा."

बुवा डोळे मिटून बसले होते.

"मग आता सांग," ते म्हणाले, "तिचे किती सेकंद लिहायचे?"