एका प्रवेशापुरती दुरुस्ती

नदीकाठच्या एका गावी एक नाटकमंडळी होती. मंडळी लहान, पण नाव मोठं. तिच्यात कुमुदबाई आईच्या भूमिका करायच्या आणि अच्युत आवाजाची व्यवस्था पाहायचा.

एका वर्षी कुमुदबाईंना घशाचं मोठं दुखणं झालं. शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, "बोला, पण हळू. ओरडलात, तर आहे तोही आवाज जाईल."

बाई नाटक सोडायला निघाल्या, तेव्हा अच्युत म्हणाला, "बाई, तुम्ही नुसतं कुजबुजा. शेवटच्या रांगेपर्यंत मी पोचवतो." त्याच्या शब्दावर बाई पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

अच्युतकडे सगळ्या माईकचे आवाज सांभाळणारा डिजिटल मिक्सर होता. नाटकातल्या प्रत्येक प्रवेशाची वेगळी मांडणी त्याने त्यात साठवली होती. कोणाचा माईक कोणत्या सॉकेटमधून यायचा, कोणता चालू, कोणता बंद, सगळं त्यात होतं. प्रवेश बदलला की एक बटण दाबायचं. त्या प्रवेशासाठी जे साठवलेलं असेल, ते मिक्सर जसंच्या तसं पुढे आणायचा. आधीच्या प्रवेशात हाताने काय बदललं होतं, हे तो लक्षात ठेवत नसे.

एकदा प्रयोगाच्या दिवशी दुपारी बाईंच्या माईकचं सॉकेट खरखरू लागलं. अच्युतने त्यांची वायर काढून शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घातली. पहिल्या प्रवेशाच्या मांडणीत तसा बदल केला आणि तो साठवला. आवाज स्वच्छ येऊ लागला.

पुढच्या सगळ्या प्रवेशांत मात्र जुनंच सॉकेट होतं. अच्युतला हे पक्कं ठाऊक होतं. एकेक प्रवेश उघडून, तिथेही तोच बदल करून, बाईंना बोलायला लावून पाहणं हा खरा मार्ग. त्याला वेळ लागणार होता.

तेवढ्यात मंडळीचे मालक दारातून ओरडले, "अरे, लोक उन्हात ताटकळलेत. दारं उघडू का?"

रंगमंचावरून कुमुदबाईंनी विचारलं, "अच्युत, प्रत्येक प्रवेशातलं एकेक वाक्य बोलून दाखवू का? मला घाई नाही रे."

सकाळीच अच्युतने मालकांना 'सगळी तयारी झाली' असं सांगितलं होतं. आता माघार घ्यायची लाज वाटली. प्रवेश येईल तसा हाताने बदलत जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं.

"नको बाई," तो म्हणाला. "झालंय सगळं." मग मालकांकडे वळून म्हणाला, "उघडा दारं."

बाईंनी मान डोलावली आणि त्या आत गेल्या.

पहिला प्रवेश उत्तम झाला. दुसऱ्याचं बटण दाबताच बाईंचा आवाज नाहीसा झाला. अच्युतने मिक्सरवर झटपट नवं सॉकेट निवडलं. एक शब्द हरवला, पण कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. तिसऱ्यालाही तसंच झालं. तरी निभावतंय असं त्याला वाटत राहिलं.

मग शेवटचा प्रवेश आला. पुरात वाहून गेलेल्या मुलाला आई काठावरून हाक मारते, एवढाच तो प्रवेश. अच्युतने बटण दाबलं. बाईंचे ओठ हलले, पण सभागृहात काहीच ऐकू आलं नाही. घाईघाईने सॉकेट बदलताना त्याचं बोट चुकलं. रंगपटात चहा पीत बसलेल्या एका नटाचा माईक चालू झाला. त्याचं खदखदा हसणं सगळीकडे घुमलं. प्रेक्षकांत चुळबुळ झाली, मागे कोणीतरी हसलं.

अच्युतने सगळंच बंद केलं. आता कुठलं सॉकेट कोणाचं, हेच त्याला सुचेना.

कुमुदबाईंनी एकदा त्याच्या दिशेने पाहिलं. मग त्या रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला आल्या, छाती भरून श्वास घेतला आणि मुलाला हाक मारली. माईकशिवाय. एकदा, आणि पुन्हा एकदा. दुसरी हाक अर्ध्यावर फाटली.

चुळबुळ थांबली. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. पडदा पडला आणि टाळ्या थांबता थांबेनात. लोकांना तो अभिनय वाटला.

अच्युत धावत आत गेला. बाई खुर्चीत बसल्या होत्या, हात गळ्यावर होता. तो त्यांच्या पायांशी बसला. "बाई, मी खोटं बोललो. एकाच प्रवेशात बदल केला होता. बाकीचे तसेच ठेवले."

बाई काहीतरी बोलल्या. अच्युतने कान अगदी जवळ नेला, तरी त्याला ते ऐकू आलं नाही.

तो आवाज परत आला नाही. बाईंच्या जागी दुसरी नटी आली. अच्युतने काम सोडायचं ठरवलं, पण बाईंनी खुणेनेच त्याला नाही म्हटलं.

पुढच्या प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षक बाहेर थांबले होते आणि मालक येरझाऱ्या घालत होते. अच्युत एकेक प्रवेश उघडत होता, नवी नटी त्यातलं एकेक वाक्य बोलत होती. रिकाम्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कुमुदबाई एकट्याच बसल्या होत्या. वाक्य नीट पोचलं की त्या हात वर करायच्या. तो हात वर गेल्याशिवाय अच्युत पुढच्या प्रवेशाकडे वळत नसे.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: बदल जिथे जिथे लागू आहे तिथे तिथे केल्याशिवाय काम झालं असं म्हणू नये, कारण आपल्या 'झालं' या शब्दावर कोणीतरी निर्धास्त होऊन उभं राहतं.