टोपड्यांचं मडकं

आपल्या खापरपणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. गावात रंगाचा एकच हौद. जो तो आपलं कापड त्यातच बुडवी, हवा तो रंग त्यातच ओती. ढवळायला सगळे, उपसायला कोणी नाही.

तिथं डोंगरातून एक तरुण रंगारीण आली. तिची विद्या वेगळी होती. प्रत्येक कापडाला नवं मडकं, मोजलेलं पाणी, मोजलेला रंग. माप तेच, तर रंगही तोच. आज काय आणि दहा वर्षांनी काय. पावसाळ्याआधी काम मिळालं नाही तर विद्या सोडून मामाच्या मेंढ्या राखायच्या, असं ती घरी कबूल करून आली होती.

"मडक्यात रंगवतेस? भातुकली मांडायला आलीस का गं?" एक रंगारी हसला.

दुसरा म्हणाला, "मडक्यात रंगवणारी माणसं हवीत खरी, पण दहा वर्षं केलेली."

"मग पहिलं वर्ष कुठं करू, काका?"

त्यानं दार लावून घेतलं.

शेवटी हौद सांभाळणाऱ्या आजीनं तिला कापडं पिळायला ठेवलं. रंगारणीनं विचारलं, "आजी, बाळांची टोपडी तेवढी माझ्या मडक्यात रंगवू?"

"रंगव बाई. टोपडी कोण बघतंय!"

पिळता पिळता तिला दिसे, वारा नसतानाही दोरीवरची कापडं हौदाकडे झुकत. ओल्या साडीतून कुणी श्वास घेतल्यासारखं ऐकू येई. आजी म्हणे, "हौद जुना आहे. कान देऊ नये."

एकदा नुकत्याच वारलेल्या कुंभाराची शाल, मुलाला वापरता यावी म्हणून, हौदात बुडवली गेली. पाठोपाठ एका नवरदेवाचा फेटा बुडाला. भर मांडवात नवरदेव उठला, कुंभाराच्या विधवेपुढे उभा राहिला आणि कुंभाराच्याच आवाजात म्हणाला, "भट्टी विझली का गं?"

फेटा उतरवला, तरी आवाज गेला नाही.

मग जो तो त्याच हौदात रंगलेलं आपलं नेसूचं चाचपू लागला. एकाला हाक मारावी तर भलत्याच घरातून ओ येई. फक्त टोपडी घातलेली बाळं आपापल्या आईकडेच झेपावत होती.

आजी धावत आली. "हा फेटा तुझ्या मडक्यात निवळेल का गं?"

"हा नाही, आजी. कोऱ्या कापडाचा नवा करते."

नवा फेटा डोक्यावर बसला, तसा नवरदेव स्वतःच्या आवाजात रडला. गावानं हौदावर फळ्या ठोकल्या आणि रंगारणीला साऱ्या गावाचं काम दिलं. फळ्यांखालून अजूनही कुणीतरी नावं घेतं. त्याला ओ देत नाहीत.

मुलांनो आणि मोठ्यांनो, आपल्या विद्येचं काम सुरुवातीलाच मिळालं नाही, तर मिळेल त्या कामात तिला छोटा कोपरा द्यावा, पण तो कोपरा चोख ठेवावा.