सोजरचा अंगठा

"अंगठा देऊ नको, असं तिला तुम्हीच सांगितलंत ना?"

अनुपमा चपलांसकट ओट्यावर चढली होती. ते लक्षात आल्यावर ती खाली उतरली, चपला काढल्या आणि पुन्हा वर आली. राग मात्र खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

कासिमबाबा मोरपिसांचा कुंचा बांधत होते.

"बस तरी."

"बसायला आले नाही."

"मग उभी राहा."

कासिमबाबा एके काळचे अर्जनवीस. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन चाळीस वर्षं बसले, लोकांचे अर्ज लिहिले. मग एक दिवस टाइपरायटर विकला आणि टेकडीवरच्या या लहानशा दर्ग्याची झाडलोट करायला आले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अनुपमा लोहगावे कायद्याची पदवी घेऊन महिला सहाय्य कार्यालयात पोटगीची प्रकरणं पाहू लागली, तेव्हा अर्ज कसा मांडायचा हे तिला शिकवलं ते याच म्हाताऱ्यानं.

पण त्याला आता सहा वर्षं झाली होती. आता अनुपमाच्या कागदाला नाव होतं. साहेबांनी तो नमुना म्हणून जिल्हाभर पाठवला होता. समोरच्या बाजूचे वकीलसुद्धा तो वाचताना मान डोलवायचे. आणि आज सकाळी त्याच कागदाखाली अंगठा द्यायला सोजर मुसळे नावाच्या बाईनं साफ नकार दिला होता. तोही चार माणसांत.

"दोन वर्षं तिचा नवरा तारखांना गुंगारा देतोय," अनुपमा म्हणाली. "पोरीसाठी एक पैसा सुटलेला नाही त्याच्या हातून. आता कुठं तडजोडीला तयार झालाय. उद्या तारीख आहे. उद्या कागद कोर्टात गेला नाही, तर तो पुन्हा सापडायचा नाही. आणि ही बाई म्हणते, अंगठा देणार नाही."

"का?"

"म्हणते, समजलं नाही."

"मग?"

"मग काय, बाबा? तीनदा वाचून दाखवला. तीनदा."

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

"काल आली होती ती इथं. म्हणाली, उद्या मॅडमनी अंगठ्याला बोलावलंय. मी विचारलं, कशाखाली? म्हणाली, माहीत नाही. मी म्हटलं, समजलं तर दे. नाही समजलं तर तसं सांग."

"म्हणजे तुम्हीच."

"हां... मीच."

अनुपमाच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं जन्मभर लोकांचे अंगठे घेतले, त्यानंच हे शहाणपण शिकवावं.

"तो कायद्याचा कागद आहे, बाबा. वाण्याची यादी नाही. एक शब्द सैल पडला, की समोरचा वकील त्यातून बैलगाडी काढतो. भाषा अशी ठेवावीच लागते."

"दाखव."

तिनं पिशवीतून तीन पानं काढून पुढे केली. बाबांनी पहिलं पान पाहिलं नाही, दुसरंही नाही. थेट शेवटचं पान उलटून अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

'वरील मजकूर मला वाचून दाखविण्यात आला, तो मला समजला असून मान्य आहे.'

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कधी?"

"परवा."

"आणि सोजरला वाचून कधी दाखवलंस?"

"आज सकाळी."

कुंच्याचं एक पीस वाकडं झालं होतं, ते बाबा सरळ करत बसले.

"ते... ते छापीलच असतं, बाबा. प्रत्येक कागदाखाली असतं."

"तिला आज समजणार, हे तुला परवाच समजलं होतं..."

"नमुना आहे तो," अनुपमा म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. "तुम्हीच शिकवलाय."

"मीच. शेवटी शेवटी तर ती ओळ मी कोऱ्या कागदांवर आधीच मारून ठेवायचो. गठ्ठाच असायचा. मग माणूस आला की वरचं भरायचं." त्यांनी मान वर केली. "मला लाज वाटते त्याची. अजून वाटते."

गुरूच्या तोंडून असं काही निघालं की शिष्यानं मान खाली घालावी, अशी रीत आहे. अनुपमानं घातली नाही.

"तुमची लाज तुमच्यापाशी, बाबा. उद्या सोजरच्या पोरीला काय सांगू?"

बाबांनी दर्ग्याच्या मागच्या बाजूला हाक मारली.

हौदापाशी बसलेली सोजर उठून आली. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारी, तिशीच्या आतलीच, पण दिसायची चाळिशीची. सकाळी कार्यालयातून निघाली ती घरी गेलीच नव्हती. तिचा आजचा खाडा झाला होता. अनुपमाला पाहून तिनं पदर नीट केला, नजर मात्र हलवली नाही.

"सोजरबाई, तुम्हाला पोरीची, आरोहीची काळजी आहे की नाही?"

"हाय. म्हनून तर अंगठा दिला न्हाई."

"तीनदा वाचलं मी."

"वाचलं की. म्या येकच इचारलं व्हतं, मॅडम. तुमी परत पयल्यापासून वाचाय लागल्या."

"काय विचारलं होतं?" बाबांनी विचारलं.

"त्यानं पैसं न्हाई दिलं, तर म्या कुनाकडं जावं?"

"आहे त्यात," अनुपमा म्हणाली. "सगळं आहे."

तिनं कागद परत घेतला. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर तिचं बोट ओळींवरून फिरत राहिलं आणि एका जागी थांबलं.

"हे बघा. 'कसूर झाल्यास विधिसंमत मार्गाने वसुलीची तजवीज करण्यात येईल.'"

"कोन करनार?"

अनुपमानं बोलायला तोंड उघडलं.

कार्यालय? कार्यालय तर कागद कोर्टात लावून मोकळं होतं. कोर्ट? कोर्ट आपण होऊन काही करत नाही. अर्ज सोजरनंच करायचा होता. तो कुठं करायचा, तिला लिहून कोण देणार, हे कागदात कुठंच नव्हतं. वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात काही राहून गेलंय, हे ते लिहिणारीलाही कळलं नव्हतं.

ती तिसऱ्या पानावर गेली. पुन्हा दुसऱ्यावर आली.

"नाही," ती म्हणाली. "नाहीये त्यात."

सोजर जिंकली होती, पण तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

बाबांनी उरसाच्या जुन्या पत्रकांतलं एक उचललं, त्याची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीसकट अनुपमाच्या पुढ्यात सरकवलं.

"लिही. आत्ता तिच्याशी बोलतेस तसं."

"साहेब असला कागद घेणार नाहीत."

"त्यांना लिहायला सांगत नाही मी."

"कोर्टात हसतील, बाबा."

"हसू दे."

अनुपमा बसली. ती बसली ती इरेला पेटून. लिहून दाखवते, म्हणावं, आणि मग तुम्हीच बघा किती पोरकट दिसतं.

तिनं लिहिलं. आरोहीचे वडील दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे सोजरच्या बँकेत भरतील. नाही भरले, तर दहा तारखेला सोजरने महिला सहाय्य कार्यालयात यावे. अर्ज आम्ही लिहून देऊ. तो कोर्टात आम्ही लावू.

इथं ती थांबली. 'आम्ही' हा शब्द तिनं सहा वर्षांत एकाही कागदावर लिहिला नव्हता. आता तो लिहिला म्हणजे दहा तारखेला सोजर येणार, आणि अनुपमाला जागेवर असावं लागणार. साहेब विचारतील, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

विचारू देत. तिनं शब्द तसाच ठेवला.

मग सातवं कलम आलं. ते समोरच्या वकिलांनी घालून दिलं होतं, अनुपमानं फक्त त्याची भाषा नीट केली होती. 'सदर रकमेत भविष्यात कोणत्याही कारणास्तव वाढ मागण्याचा हक्क अर्जदाराने स्वेच्छेने सोडलेला आहे.' असल्या प्रकरणांत ते बहुतेक वेळा असायचंच. तिनं स्वतः ते कितीतरी बायकांच्या कागदांत लिहिलं होतं आणि दुपारचा डबाही वेळेवर खाल्ला होता.

आज पेन्सिल पुढे सरकेना.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

तिनं लिहिलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

"वाच," बाबा म्हणाले.

ती वाचू लागली. पाच तारीख, दहा तारीख, कार्यालय, अर्ज. सोजर मान हलवत ऐकत होती. एकदा तिनं विचारलं, "धा तारखंला रविवार आला तर?" अनुपमानं तिथंच लिहून टाकलं, की मग सोमवारी.

सातव्या कलमाशी ती थांबली. हे एवढं गाळलं तर कुणाला कळणार नव्हतं. बाबांनासुद्धा नाही. ते खाली बघून कुंचा बांधत होते.

तिनं गाळलं नाही.

"मुलगी कितीही मोठी झाली, तरी पैसे आज ठरले तेवढेच राहतील. आईने वाढवून मागायचे नाहीत."



"परत वाचा," सोजर म्हणाली.

अनुपमानं परत वाचलं.

"म्हंजी पोरगी वाढंल. शाळंला जाईल. आन् पैसं वाढायचं न्हाईत?"

"हो... तसंच आहे."

"सकाळच्या कागदात बी हेच व्हतं?"

"होतं."

"तिन्ही डाव?"

"तिन्ही वेळा."

सोजर तिच्याकडे बघत राहिली. अनुपमाला शिव्या चालल्या असत्या. सोजरनं शिवी दिली नाही.

सहा वर्षांची सवय अशी, की वाचून संपल्याबरोबर अनुपमाचा हात पिशवीत गेला आणि शाईची डबी बाहेर आली. तिनं झाकण उघडून ती सोजरपुढे धरलीसुद्धा.

सोजरनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"समजलं, मॅडम. आता समदं समजलं. बाकीचं कबूल हाय. आन् हे मला कबूल न्हाई. त्यो पैसं देवो का न देवो."

तिनं ते आवाज न चढवता सांगितलं आणि ओट्याच्या कडेला टेकली. पुढं काय होईल, याचं ओझं तिनं एकटीनं उचललं होतं आणि ते तिला झेपत होतं.

अनुपमाला राग यायला हवा होता. सकाळी आला होता तसा. तो काही येईना. उलट सकाळपासून पहिल्यांदाच तिला या बाईपुढं आपण खरं बोललो असं वाटलं, आणि त्यानं डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"बाबा, ती नाही म्हणते," ती म्हणाली. "उद्या तो उठून जाईल. सगळं गेलं मग. हे वाक्य तेवढं खोडून टाकू का?"

"खोडू नकोस."

"मग काय करू?"

कासिमबाबांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं आणि डबी तिच्या हातात दिली.

"उद्या कोर्टात त्या बापाला समोर बसव. हे असंच वाचून दाखव... मोठ्यानं. आणि विचार त्याला, समजलं का."